कवितेची अढी

मराठीत कविता 'होते'. कथा लिहिली जाते, नाटक बसवलं जातं, अग्रलेख पाडला जातो. कविता मात्र सर्दी व्हावी तशी होते. एखादा कवी रस्त्यात गाठून 'काल रात्री मला एक कविता झाली' असं अशा सुरात सांगतो, की आपण त्याला तब्येत विचारावी की बारशाचं आमंत्रण मागावं, हेच कळत नाही. आणि जी गोष्ट आपली आपण होते ती दुरुस्त कशी करणार? दुरुस्ती पंपाची करतात, स्कूटरची करतात, फार तर मे महिन्यात कौलांची करतात. 'गेले दोन महिने एक कविता दुरुस्तीला काढली आहे' असं म्हणणारा कवी मला अजून भेटायचा आहे. भेटला तर मी त्याला घरी जेवायला बोलावीन आणि त्याची कविताही ऐकीन. ह्यातलं दुसरं आमंत्रण मी सहसा कोणाला देत नाही.

मी राहतो विजयदुर्गला, म्हणजे देवगड तालुक्यात. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आम्ही रत्नागिरीत होतो. पण जिल्हा कुठलाही असो, ह्या पट्ट्यात नाव घेण्यासारखी पिकं दोनच. एक हापूस आणि दुसरं कवी. विंदा करंदीकर आमच्या तालुक्यातले. मंगेश पाडगावकर आणि आरती प्रभू खाली वेंगुर्ल्याकडचे. एवढी मोठी माणसं आसपास होऊन गेल्यामुळे इथं घराघरात निदान एक वही असते, आणि वहीच्या मालकाची मनातून समजूत अशी, की ज्ञानपीठ पुरस्कार एकदा ह्या तालुक्याकडे वळलेला आहे, तेव्हा त्याला रस्ता ठाऊक आहे. पावसाळ्यात तो रस्ता ज्यानं पाहिला आहे, तो मात्र इतका आशावादी राहू शकत नाही.

ह्या दोन पिकांपैकी आंब्याच्या बाबतीत आम्ही अतिशय शहाणे आहोत. हापूस झाडावर पिकू द्यायचा नसतो. पुरता तयार झालेला पण अजून हिरवा, कडक असा तो देठासकट अलगद उतरवायचा आणि घरात भाताच्या पेंढ्यावर मांडायचा. ह्याला म्हणतात अढी. मग आठ-दहा दिवस वाट पाहायची. ही वाट हातावर हात ठेवून पाहायची नसते. मधूनमधून पेंढा उलगडून एकेक आंबा हातात घ्यायचा, फिरवून पाहायचा, डाग पडलेला वेगळा काढायचा. कारण एक नासका राहिला तर शेजारच्या चारांना घेऊन जातो. ज्यांना एवढा धीर नसतो ते कार्बाइड लावतात. त्या आंब्याला रंग येतो थेट कॅलेंडरवरच्या आंब्याचा, आणि चव येते उकडलेल्या बटाट्याची. ह्या प्रकाराला कायद्यानं बंदी आहे. कवितेला अजून असा कायदा लागू झालेला नाही.

आता मराठी भाषा किती खट्याळ आहे पाहा. 'अढी' ह्या शब्दाला तिनं दुसराही अर्थ देऊन ठेवला आहे. मनातली अढी, म्हणजे आकस. आमच्या कवींची सगळी अडचण एवढीच, की पहिल्या अर्थाच्या अढीबद्दल त्यांच्या मनात दुसऱ्या अर्थाची अढी आहे.

आमच्या वाडीत एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांनी सगळी नोकरी मुलांच्या वह्या लाल शाईनं तपासण्यात काढली. 'आणि'चा णि ऱ्हस्व का, हे त्यांच्या हाताखालून गेलेला मुलगा झोपेतही सांगेल. स्वतःच्या कवितांच्या वहीला मात्र लाल शाईचा थेंब लागलेला नाही. एकदा संध्याकाळी त्यांनी मला आणि शेजारच्या बागायतदार काकांना समुद्रावरची नवी कविता वाचून दाखवली. कविता शार्दूलविक्रीडितात होती. म्हणजे एवढा मोठा अरबी समुद्र एकोणीस-एकोणीस अक्षरांच्या ओळींत भरला होता, आणि भरताना चेपावा लागला असणार हे उघड दिसत होतं. तो अथांग होता, अनंत होता, गंभीर होता, शिवाय तो गर्जत होता. हा समुद्र विजयदुर्गचा होता तसा चौपाटीचाही होता, आणि ज्यानं समुद्र फक्त धड्यात वाचला आहे अशा माणसाचाही होता.

"गुरुजी, ही किती वेळा लिहिलीत?" मी विचारलं.

"एकदाच," गुरुजी म्हणाले. "स्फूर्तीला पुन्हा ये म्हणून सांगायचं म्हणजे तिचा अपमान."

मी वही हातात घेतली. आदल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेली आणि वर आडवी रेघ मारलेली एक ओळ होती. तिन्हीसांजेला आई पडवीत उभी राहून परतणाऱ्या होड्या मोजते, एवढंच त्या ओळीत होतं.

"ही का खोडली?"

"ती वृत्तात बसेना. आणि तिच्यात कल्पना कुठे आहे? लहानपणी रोज बघायचो, तेच लिहिलं झालं."

काका इतका वेळ सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "गुरुजीनू, ह्याच खरा. बाकीचा सगळा खयतरी आयकलेला."

गुरुजी काही बोलले नाहीत. मग, जरा वेळानं, दुसऱ्याच कोणाचं सांगावं तसं म्हणाले, "एकदा मोजताना एक कमी भरली होती." आणि त्यांनी वही मिटली.

ह्याच्यावर टीकाकारानं काही बोलू नये हे बरं. पण टीकेचा लेख लिहायला घेतला आहे, तेव्हा बोलणं भाग आहे. पहिला खर्डा म्हणजे कवीच्या काळजातून थेट कागदावर उतरलेला मजकूर, म्हणून तोच सर्वांत अस्सल, अशी आपली एक लाडकी समजूत आहे. वस्तुस्थिती बहुधा उलटी असते. पहिल्या झटक्याला जे शब्द येतात ते शेजाऱ्यांसारखे असतात. त्यांना बोलवावं लागत नाही. शाळेतल्या कवितांतून, नाट्यगीतांतून, रेडिओवरून, दुसऱ्यांच्या संग्रहांतून ते अगोदरच ओसरीवर येऊन बसलेले असतात. आपण लेखणी उचलली की 'अथांग' पुढे सरसावतो, त्याच्या मागून 'अनंत'. आपला स्वतःचा शब्द हा लांबच्या गावाहून एसटीनं येणारा पाहुणा. तो उशिरा येणार, घामाघूम येणार आणि दारातच चपला काढून संकोचानं उभा राहणार. त्याला आत घ्यायचं तर आधी शेजाऱ्यांना घरी पाठवावं लागतं. कवितेचं पुनर्लेखन म्हणजे मुख्यतः हे काम.

आणि नेमकी इथंच दुसरी फसगत होते. गुरुजींनी सुधारणा केली नव्हती असं नाही. रेघ मारली होतीच! फक्त अढी तपासताना त्यांनी चांगला आंबा बाहेर फेकला आणि नासके आत ठेवले. पुष्कळ कवी ह्याच पद्धतीनं सुधारणा करतात. जे पाहिलं ते काढतात, कारण ते साधं दिसतं. जे ऐकलं ते ठेवतात, कारण ते कवितेसारखं दिसतं. म्हणून सुधारताना 'हे सुंदर आहे का?' हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. काकांचा प्रश्न जास्त उपयोगाचा. हे खरं आहे का, की कुठेतरी ऐकलेलं?

पहिला शब्द परका असतो ह्याचा एक चांगला दाखला विजयदुर्गशी जोडलेल्या एका गोष्टीत आहे, आणि तिचा कवितेशी काही संबंध नाही. १८ ऑगस्ट १८६८ रोजी हिंदुस्थानातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. दुर्बिणीला वर्णपटदर्शक लावून बसलेल्या शास्त्रज्ञांना सूर्याच्या कडेच्या ज्वाळांत एक पिवळी रेषा दिसली. पिवळी रेषा म्हटली की त्या काळी सोडियम, म्हणून ती सोडियमचीच असावी असं धरलं गेलं. ह्यात लबाडी नव्हती. ओठांवर तोच शब्द होता. पुढे इंग्लंडात नॉर्मन लॉकियरनं ती रेषा नीट मोजली, तेव्हा ती सोडियमच्या जागेवर बसेना. 'सोडियम' खोडावं लागलं, आणि खोडलेल्या जागी एक नवंच मूलद्रव्य निघालं. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हणू लागले. पृथ्वीवर ते रॅमसेच्या हाती लागलं १८९५ साली. खर्ड्यापासून पक्क्या प्रतीपर्यंत सत्तावीस वर्षं.

आमच्या किल्ल्यावर काही कट्टे आहेत. लॉकियरसाहेबानं त्यांच्यावर उभं राहून हेलियम शोधला, असं इथं येणाऱ्या प्रत्येकाला अभिमानानं सांगण्यात येतं. नोंदी असं सांगतात, की ग्रहणाच्या दिवशी लॉकियर इंग्लंडमध्ये होता आणि त्यानं आपलं निरीक्षण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, तिथूनच, ग्रहणाशिवाय केलं. हे वाक्य मी फार जपून लिहिलं आहे, कारण मला रोज इथंच मासे घ्यायचे असतात. सांगायचं एवढंच, की सुधारलेली प्रत कोणालाच आवडत नाही. कवीला नाही आणि गावालाही नाही. वास्तविक हा किल्ला स्वतःच एक सुधारलेली प्रत आहे. मूळ बांधकाम शिलाहार राजा दुसरा भोज ह्याचं, बाराव्या शतकाच्या अखेरचं. शिवाजी महाराजांनी किल्ला घेतला तेव्हा तो पाडून नवा बांधला नाही. भक्कम होतं ते ठेवलं, कच्चं होतं तिथं तट चढवले आणि शीर्षक बदलून विजयदुर्ग केलं. इतकं नेमकं संपादन मराठी साहित्यात फार झालेलं नाही.

साहित्यात ह्या बाबतीत दोन टोकं दिसतात. रोमन कवी होरेसनं सल्ला देऊन ठेवला आहे, की लिहिलेलं नऊ वर्षं घरात ठेवावं. नऊ पावसाळे! कोकणात नऊ पावसाळ्यांनी वहीचं काय होतं ते होरेसला माहीत नव्हतं. इथं वाळवीच शेवटचा हात फिरवते. दुसऱ्या टोकाला आमचे मोरोपंत. त्यांनी एकशे आठ रामायणं लिहिली. त्यांतलं एक निरोष्ठ, म्हणजे ओठ ओठाला न लावता म्हणायचं. प, फ, ब, भ, म वर्ज्य. रामायण आहे, पण त्यात 'राम' हा शब्द घ्यायची सोय नाही! पंतांचं भाषेवरचं प्रभुत्व अचाट होतं. पण एकच गोष्ट एकशे आठ वेळा लिहिणं आणि एक कविता एकशे आठ वेळा तपासणं ह्यांत फरक आहे. पहिल्यात आपण काय काय करू शकतो ते जगाला दाखवायचं असतं. दुसऱ्यात आपल्याला काय जमलेलं नाही ते स्वतःला दाखवायचं असतं, आणि तिथं टाळ्या वाजवायला कोणी नसतं.

हे दुसरं काम निष्ठुरपणे करणारा कवी म्हणजे गालिब. त्यानं आपल्या उर्दू दिवाणातून ऐन तारुण्यातल्या कवितांचा मोठा ढीग स्वतःच्या हातानं काढून टाकला. १८२१ सालची एक जुनी प्रत भोपाळला मिळाली आणि शंभर वर्षांनी, १९२१ मध्ये, छापली गेली, तेव्हा लोकांना कळलं की ह्या माणसानं केवढं टाकलं होतं. दुसरे कवी जे मिरवतील तेसुद्धा त्यानं टाकलं होतं. मोठेपण ठेवलेल्यावरून कळतंच, पण टाकलेल्यावरून जास्त कळतं. रवींद्रनाथांची तऱ्हा वेगळी. त्यांना खोडलेल्या शब्दांचीही दया येई. हस्तलिखितातली खाडाखोड एकमेकींना जोडत जोडत ते तिचे पक्षी, चेहरे, चमत्कारिक प्राणी करत, आणि त्यातूनच पुढे त्यांची चित्रकला फुटली. आपल्याकडची खाडाखोड पाहिली तर तिच्यातून फार तर खेकडा निघेल. पण तोही कोकणात कमी लेखायचं कारण नाही.

कधी कधी नासका आंबा दुसऱ्यालाच आधी दिसतो. एलियटची 'द वेस्ट लँड' १९२२ साली निघाली, त्याआधी एझ्रा पाउंडनं तिच्यावर अशी पेन्सिल चालवली, की कविता जवळजवळ निम्मी झाली. ते खर्डे १९७१ मध्ये छापले गेले. ते पाहताना एलियटची प्रतिभा तर जाणवतेच, पण 'बरं, काढतो' म्हणण्याची त्याची हिंमत जास्त जाणवते. आपल्याकडे 'सत्यकथे'चे संपादक श्री. पु. भागवत लेखक-कवींना सविस्तर पत्रं लिहीत. इथं हे ढिलं पडलंय, तिथं पुन्हा विचार करावा. ती पत्रं मिळालेली माणसं पुढे आयुष्यभर ती पुरस्कारासारखी दाखवत. मिळाली तेव्हा किती जणांनी आनंदानं उडी मारली, हा भाग निराळा. अढीचा दुसरा अर्थही तिथं जन्माला आलाच. १९६९ साली लघुनियतकालिकांच्या चळवळीतल्या तरुणांनी 'सत्यकथे'ची होळी केली. त्यांचा राग सगळाच अनाठायी नव्हता. एकाच घराच्या पेंढ्यात सगळे आंबे पिकले तर सगळ्यांना एकच वास येऊ लागतो. १९८२ साली 'सत्यकथा' बंद पडली. राग धरायला समोर कोणी उरलं नाही आणि तशी पत्रं लिहायलाही.

दुसऱ्याच्या कवितेत हात घालणाऱ्यानं किती घालावा, ह्याचं माप एकनाथांनी घालून दिलं आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ काढून ती शुद्ध केली, आणि वर बजावून ठेवलं, की जो कोणी ह्यात आपली ओवी घालील त्यानं अमृतानं भरलेल्या ताटात करवंटी ठेवली असं समजावं. इतका मोठा कवी, पण स्वतःची एक ओळ आत सरकवण्याचा मोह त्यानं टाळला! आमच्याकडे करवंटीला फार मान आहे, तिच्यापासून डावही होतो आणि जळणही होतं. तरीसुद्धा ताटात ती कोणी ठेवत नाही.

आता हे सगळं वाचून एखादा कवी उत्साहाच्या भरात रोज कविता तपासायला बसेल, तर त्यालाही धोका आहे. अमेरिकन कवयित्री मेरिअन मूर हिनं 'पोएट्री' नावाची आपली गाजलेली कविता १९६७ मध्ये कापत कापत तीन ओळींवर आणून ठेवली. वाचक हळहळले. अढीत विसरलेला आंबाही शेवटी साल आणि कोय एवढाच उरतो. मग थांबायचं कधी? हा प्रश्न मी काकांना विचारला, अर्थात आंब्याविषयी.

"वासान कळता," काका म्हणाले. "आंबो चेपून बघूचो नाय. चेपून चेपून बघलास तर तेका तुझी बोटाच लागतत."

मराठी समीक्षेत ह्या विषयावर ह्याहून नेमकं वाक्य माझ्या वाचनात नाही. कविता पुन्हा पुन्हा चेपायची नसते. ती ठेवायची, विसरायची, एक पावसाळा जाऊ द्यायचा. मग एक दिवस दुसऱ्याच कामासाठी त्या खोलीत जावं आणि वास यावा. आला तर काढा. नाही आला तर दार पुन्हा ओढून घ्या. अरुण कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह १९७७ साली आला आणि त्यानंतरचे मराठी संग्रह एकदम २००३ मध्ये. त्या मधल्या सव्वीस वर्षांत त्यांनी दार किती वेळा उघडलं आणि किती वेळा ओढून घेतलं, ते त्यांनाच ठाऊक. गुरुजींची कविताही सध्या अढीत आहे. तिच्यातला 'अथांग' गेला आहे आणि शार्दूलविक्रीडित सुटलं आहे, एवढी बातमी माझ्या कानावर आली. त्याहून अधिक मी विचारत नाही.

ह्यावर हल्लीचे तरुण कवी म्हणतात, आम्ही तर सारखेच सुधारतो. मोबाइलवर लिहितो, बोट लावलं की ओळ गेली, दुसरी आली. पाच मिनिटांत कविता तयार आणि सहाव्या मिनिटाला शंभर जणांना पोचलेली. सातव्या मिनिटाला अंगठे येऊ लागतात. सोय उत्तम आहे. पण ह्या सोयीत एक गोष्ट कायमची जाते, ती म्हणजे खोडलेली ओळ. होड्या मोजणारी आई गुरुजींच्या वहीत सापडली, कारण कागदाला विसरता येत नाही. तीच ओळ मोबाइलमध्ये लिहिली असती तर बोटाच्या एका स्पर्शानं पुसली गेली असती. काकांना ती कळली नसती, मला नाही, आणि काही वर्षांनी स्वतः गुरुजींनाही नाही. मग 'अथांग'च तेवढा मागे उरला असता, आणि पुढच्या पिढीनं तोच विजयदुर्गचा समुद्र समजून पाठ केला असता.

म्हणून नवकवींना माझी विनंती एवढीच, की कविता होऊ द्या, जरूर होऊ द्या, पण एखादी स्वस्तातली वही ठेवा. आणि त्या वहीत खोडताना, गुरुजी शाळेत मुलांना सांगत तसं, गिरगटू नका. एकच सरळ रेघ मारा. खालचं वाचता आलं पाहिजे.